पत्र्याच्या डब्यातले दहा दिवस

"झाकणाला हात लावलास तर बघ, वेनशी! पोटात पाच महिन्यांचं लेकरू, आणि तुला ते काचेचं भूत हवंय?"

"आई, दहा मिनिटं. नुसतं ऐकायचंय."

"मागच्या वेळीही दहा मिनिटंच होती ना?"

वेनशीने हात मागे घेतला.

ते काचेचं भूत म्हणजे मी. मी मोबाईल बोलतोय, चीनमधल्या छोंगछिंग शहरात, अकराव्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरातून, पौर्णिमेच्या मिठाईच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यातून. सकाळी दहाला ठरल्याप्रमाणे मी घंटा वाजवली आणि सासू-सुनेची जुंपली. त्यांना भांडू द्या. तोवर माझी हकीकत ऐका.

मी जन्मलो कारखान्यात. ज्या मुलीने माझे स्क्रू बसवले तिने माझं तोंडही पाहिलं नाही. मागे रांग लागली होती. मला वेनशीच्या नवऱ्याने, जुन्हाओने विकत घेतलं, वर्षभर गाड्या पळवायचे खेळ खेळला, माझा एक कोपरा फोडला, स्वतःला नवा आणला आणि मला बायकोला दिलं. जुनं द्यायचं आणि भेट म्हणायचं, ही पुरुषांची रीत जुनीच आहे.

वेनशीला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा मी तिच्या उशीखाली असायचो. चौथ्या महिन्यात ते मूल गेलं. डॉक्टर म्हणाले, कारण सापडत नाही, कुणाची चूक नाही. पण माणसांना कारणाशिवाय दुःख पचत नाही. सासूला, ग्वीफांगबाईंना, कारण उशीखाली सापडलं. "याची किरणं!"

मी ते केलं नाही. स्पष्टच सांगतो. पण मी धुतल्या तांदळासारखाही नाही. ती पुन्हा गरोदर राहिली, तेव्हा याच काचेवर अनोळखी बायकांच्या मूल गेल्याच्या हकिकती वाचत बसायची. एक वाचली की मी पुढच्या दहा काढून द्यायचो. तिचं जेवणखाण सुटलं. पुढे बाळ हलू लागलं, तर हललं तरी भीती, नाही हललं तरी भीती.

सासूने चांदीच्या तारेचं एप्रन आणलं. ते किरणं अडवतं म्हणे. ते घातल्यावर किरणं अडली असतील. भीती आतच राहिली.

दवाखान्यातल्या नर्सने मात्र पोटाच्या आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मनाविषयीच्या दहा प्रश्नांचा कागद भरून घेतला आणि माझ्यात एक शिकवणी उतरवून दिली. आठ आठवडे, रोज दहा मिनिटं. एका बाईचा सावकाश आवाज: "श्वास आत येतोय, कळू दे. मन पळालं? रागावू नकोस, परत आण." शेवटी एकच प्रश्न: "आज तू कशी आहेस?" नर्सने बजावलं, "नाहीच सोसवलं तर याच्यावर विसंबून राहू नकोस, सरळ माझ्याकडे ये." मला ते पटलं. आपली पायरी ओळखावी.

जादू काही झाली नाही. पहिल्या आठवड्यात तिने त्या बाईला शिव्या घातल्या. दुसऱ्यात रडली. तिसऱ्यात एका दुपारी तिने पुन्हा भात वाढून घेतला, तोही मागून.

मग तिने एक चूक केली. बाळालाही आवाज जावा म्हणून मला पोटावर ठेवून ऐकू लागली. ग्वीफांगबाईंनी ते पाहिलं. त्या दिवसापासून मी डब्यात. चार्ज करायला बाहेर, की पुन्हा आत. जुन्हाओ म्हणाला, "आई म्हणते ते ऐक ना, वाद कशाला?" आज दहावा दिवस. तिची सकाळची पेज पुन्हा तशीच थंड झाली आहे.

आता मी म्हातारा झालोय, बॅटरी दुपारपर्यंत टिकत नाही. माझं मागणं एवढंच: मला देव्हाऱ्यात बसवू नका, डब्यातही कोंडू नका. दहा मिनिटांचं काम घ्या आणि पालथा ठेवून द्या.

पण भांडण राहिलं.

"आम्हाला कोण आलं होतं श्वास शिकवायला?" ग्वीफांगबाई म्हणत होत्या. "सातव्या महिन्यापर्यंत गिरणीत मागावर उभी होते. श्वास कसला, मुतायला सवड नव्हती!"

"तेव्हा भीती वाटायची, आई?"

"कुणी विचारलं नाही."

"मलाही कुणी विचारत नाही. तुम्ही विचारता, बाळ हललं का. जुन्हाओ विचारतो, बाळ हललं का. माहेरून फोन येतो, बाळ हललं का. मी कशी आहे, हे या घरात तो एकटा विचारत होता. त्याला तुम्ही डब्यात घातलंत."

गॅस बंद झाल्याचा आवाज आला. मग झाकण उघडलं.

मेलेला उंदीर शेपटीला धरून न्यावा तसं म्हातारीने मला दोन बोटांत धरलं. वेनशीला कोचाच्या एका टोकाला बसवलं, तिचं एप्रन ओढून नीट केलं आणि स्वतः दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. वेनशीने मला घ्यायला हात पुढे केला, तर म्हातारीने त्यावर चापट मारली.

"माझा अजून विश्वास नाही," ती म्हणाली. "लाव त्या बाईला, पण हा राहील माझ्या मांडीवर, माझ्या पोटात आता कुणी नाही."