दारापुरते बूट

"चपला चालत नाय म्हणली व्हतीस ना? मग हे बघ, घातल्याच नाय!"

बहिरूअप्पांनी पायजमा किंचित वर उचलून आपले अनवाणी पाय लेकीला दाखवले आणि ते हसले. टाचांच्या भेगांत मखमलाबादच्या मळ्यातली काळी माती कायमची बसलेली होती, पण पाय घासूनपुसून आणले होते, ते दिसत होतं. कडक इस्त्रीचा सदरा, डोक्यावर नवी टोपी. शेजारी नात उज्वला उभी होती. तिला नाशकातच नोकरी लागली होती, त्याची ही मेजवानी. फोन तिने हातातच धरला होता, टेबल राखून ठेवल्याचा निरोप दाखवायला.

सुवर्णाचा हात दाराच्या पितळी मुठीवर होता. तो तिथेच राहिला.

चूक तिचीच होती. उज्वलाने विचारलं तेव्हा तिने फोनवर सगळं नीट सांगितलं होतं. पायजमा चालेल, टोपी चालेल, चपला तेवढ्या नकोत. बूट घाला, हे सांगायचं राहून गेलं. आणि नवरात्रात अप्पा पायांत काही घालत नाहीत, हे लेक असून तिच्या ध्यानात येऊ नये? लहानपणी त्यांचं बोट धरून ती वणीचा गड अनवाणी चढली होती. पाय भाजले की अप्पा तिला खांद्यावर घेत आणि म्हणत, आता तुझा नवस माझ्या पायानं फिटंल.

"आत्या, उघड ना," उज्वला म्हणाली. "आजोबांसाठी फळं कापून ठेवायला सांगितलीत मी. उपास आहे त्यांचा."

दाराच्या बाजूला पाटी होती. पुरुषांनी बंद बूट व पूर्ण लांबीची पँट किंवा पायजमा घालावा. गंगापूर रस्त्यावरच्या त्या द्राक्षबागेतल्या हॉटेलात मुंबईची, पुण्याची माणसं येत. आत काचेचे पेले किणकिणत, मटणाचा वास दरवळे. सुवर्णा गळ्यात माळ घातलेली, माळकरी. तिने दाराबाहेरचं काम स्वतः मागून घेतलं होतं. यायचं, उभं राहायचं, नमस्कार करायचा आणि पाटीत बसत नसेल त्याला हळू आवाजात थांबवायचं. तिचा आवाज कधी चढत नसे, म्हणून तिचं कुणाला लागत नसे. अर्ध्या चड्डीत आलेल्या नगरसेवकाच्या मुलालाही तिने असंच परत पाठवलं होतं, आणि तो "सॉरी मावशी" म्हणून गेला होता. मॅनेजर ललित सर नव्या पोरांना सांगत, "दार कसं सांभाळायचं ते ताईंकडून शिका."

दारामागे एक कपाट होतं. नियम ठाऊक नसलेल्या पाहुण्यांसाठी त्यात काळे बूट आणि पँट्स ठेवलेल्या. त्या बुटांना पॉलिश सुवर्णाच करी, डांबराच्या गोळ्याही तीच ठेवी.

"अप्पा," ती म्हणाली, "आत बूट आहेत. जेवणापुरते घालता?"

अप्पांचं हसू मावळलं नाही, नुसतं थांबलं. त्यांनी टोपी सारखी केली.

"घटाला माळ घालून आलोय पोरी. आता बूट कसं घालू?"

"थांबा. मी विचारते."

ललित सर आत गल्ल्यापाशी होते. तिने सांगितलं, तेव्हा त्यांनी काचेतून बाहेर पाहिलं. वाईट माणूस नव्हे. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच अवघडल्यासारखं झालं.

"ताई, आज तुमचे वडील, उद्या माझे सासरे. परवा आणखी कुणी. एकदा वाकवला की नियम राहत नाही. तुमचंच वाक्य आहे हे."

तिचंच होतं. ती परत आली. दाराशी एक कुटुंब वाट पाहत होतं. ललित सर काचेआडून बघत होते. आणि सुवर्णाच्या तोंडून, तिला नको असताना, रोजचंच वाक्य रोजच्याच आवाजात निघालं:

"माफ करा, आमच्याकडे बंद बुटांशिवाय आत घेता येत नाही."

बोलून झाल्यावर तिला कळलं, आपण वडिलांना 'माफ करा' म्हणालो. परक्याला म्हणावं तसं.

"वा आत्या!" उज्वलाचा आवाज चढला. "हे दाराला तोरण कुणाच्या मळ्यातल्या झेंडूचं आहे गं? फुलं चालतात आणि फुलं पिकवणारा चालत नाही?"

"ए, गप!" अप्पा म्हणाले. "ड्युटी हाय तिची." त्यांनी मान वर करून तोरणाकडे पाहिलं, एक झेंडू उलटा झाला होता तो सरळ केला. मग लेकीकडे, ती उभी होती त्या जागेकडे, इकडेतिकडे, कितीतरी वेळ पाहिलं. काहीतरी शोधावं तसं. "मी तुझ्या घरी जाऊन बसतो. दिव्याकडं कोण हाय?"

"शेजारच्या छायावहिनींकडे किल्ली दिलीय. येऊन तेल घालून जातात."

"मंग मीच बसतो. तू दिव्याची काळजी नको करू."

ती दोघं फाटकाकडे चालू लागली. दुपारच्या उन्हाने फरशी तापलेली होती. अप्पा कडेकडेने, झाडांच्या सावलीतून पाय टाकत गेले. मागे वळून बघतील म्हणून सुवर्णा बघत राहिली. ते वळले नाहीत.

त्यानंतर तिचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. नमस्कार करताना हात जोडले जात, पण माणसाचा चेहरा दिसत नसे, पायच दिसत. टोकदार बूट, पांढरे बूट, नाडीचे बूट. तिने तोरणाखाली पडलेल्या पाकळ्या वेचल्या, कपाट उघडलं, बूट सारखे लावले, परत उघडलं, परत लावले. फोन ड्युटीवर जवळ ठेवायची मुभा नव्हती. अप्पा पोचले असतील का? उज्वला रागाने त्यांना चौकातच सोडून गेली नसेल ना? पाणी तरी प्यायले असतील? छायावहिनी घरी असतील ना? आणि दिवा. नवरात्राचा दिवा विझला तर?

आणि या सगळ्याच्या तळाशी एक गोष्ट होती, ती मात्र ती स्वतःलाही सांगत नव्हती.

तीही नऊ दिवस अनवाणीच असायची. नोकरी लागली तेव्हा पहिल्याच घटस्थापनेला तिने देवीपुढे पदर पसरला होता. आई, पोटासाठी बूट घालावे लागतात. दारापुरते घालते, एवढी सवलत दे. तेव्हापासून ती घरून अनवाणी निघे, फाटकाशी आल्यावर पिशवीतून मोजे-बूट काढून चढवी आणि ड्युटी संपली की फाटकाशीच उतरवी. देवीने कधी नाही म्हटलं नव्हतं. देवीचं दार कुणीही ठोठावावं, तिथे पाटी नाही. तिथून सवलत घेऊन आलेली बाई इथे दुसऱ्याच्या दारात उभी राहून बापाला म्हणाली, माफ करा.

उन्हं कलली तशी फाटकाशी गडबड झाली. आधी दोन मोठ्या गाड्या आल्या, मग मोटारसायकलवरची पोरं. "वकीलसाहेब! वकीलसाहेब!" असा एकच गलका. रोज संध्याकाळी घरोघरी लागते त्या मालिकेत वकिलाचं काम करणारा ओम आला होता. सुवर्णाच्या शेजारणी त्या मालिकेसाठी कुकर खाली उतरवून ठेवायच्या. ललित सर धावतच बाहेर आले.

"ताई, दार पूर्ण उघडा. ओम सर वणीहून येतायत."

ओम पायऱ्या चढून आला. कपाळावर गडावरचं कुंकू, गुडघ्यावर फाटलेली निळी पँट, आणि पाय अनवाणी.

"नऊ दिवसांचा नवस आहे त्यांचा," ललित सर भोवतालच्या फोनवाल्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "एवढा मोठा माणूस, पण बघा!"

सुवर्णाचा हात मुठीवर होता. दुपारी होता तसाच.

"माफ करा साहेब," ती हळूच म्हणाली, "आमच्याकडे बंद बुटांशिवाय..."

"ताई!" ललित सर तिच्या कानाशी आले. "काय करताय? कळतंय का कोण आहेत?"

"कळतंय सर. पाटी..."

"पाटीचं मी बघतो. माणसासाठी नियम असतो, नियमासाठी माणूस नसतो."

"दुपारी नव्हता सर?"

ललित सरांनी फोनवाल्यांकडे एक नजर टाकली. त्यांच्या कानशिलावर घाम होता. मालकांचा फोन त्यांना सकाळपासून तीनदा येऊन गेला होता, हे सुवर्णाला नंतर कळलं. "त्यांचा एक फोटो गेला की दिवाळीपर्यंत टेबलं भरतील. तुमचे वडील आणि हे... ते वेगळं आहे, ताई."

"काय झालं, मावशी?" ओमने विचारलं. टीव्हीवर असतो त्यापेक्षा त्याचा आवाज बारीक होता. थकलेलाही दिसत होता.

सुवर्णाने त्याच्याकडे पाहिलं. राग शोधू गेली, तर सापडला नाही.

"साहेब, माझे वडील दुपारी जेवायला आले होते. तेही वणीच्या आईसाठीच अनवाणी आहेत. त्यांना मी परत पाठवलं. म्हणून म्हटलं."

 भोवतालचे फोन वरच होते. ओमने दोन्ही हात जोडले.

"अरेरे. मावशी, पुढच्या वेळी त्यांना घेऊन या ना. माझ्या नावाने टेबल लावून घ्या. काय ललितजी?"

"हो हो, का नाही सर!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, "दिलदार माणूस!" ओमने वर पाहिलं, "काय ताजी फुलं आहेत!" म्हणाला आणि तोरणाखाली उभा राहिला. फोटो निघाले. दुपारी अप्पांनी सरळ केलेला झेंडू बरोबर त्याच्या डोक्यावर होता.

सुवर्णाने मुठीवरचा हात काढून घेतला आणि एक पाऊल बाजूला झाली. दार तिने उघडलं नाही. ते ललित सरांनी उघडलं.

ओम तिच्या समोरून आत गेला तेव्हा तिची नजर सवयीने त्याच्या पायांवर गेली. गोरे, मऊ पाय. आणि घोट्यांभोवती मोज्याच्या रबराचा ताजा, लाल वळ. गाडीत काढले असतील. गडावर तरी घातले नव्हते का, कोण जाणे. तिच्या तोंडावर कडवट हसू येऊ लागलं होतं. मग तिला आपल्याच बुटांच्या आतले घोटे जाणवले, आणि ते हसू तिथेच थांबलं. त्याचा नवस तो आणि आई बघून घेतील.

सुटी झाल्यावर ललित सर म्हणाले, "ताई, उद्यापासून काही दिवस तुम्ही आत, कपडे-रुमालांच्या खोलीत बसा. मालकांनी व्हिडिओ पाहिला." मग खाली बघत पुढे म्हणाले, "तिथे खुर्ची आहे."

तिने मान हलवली. कपाटाची किल्ली कमरेची सोडून त्यांच्या हातात दिली. फाटकाशी येऊन बूट काढले, पिशवीत टाकले आणि चालत निघाली. रस्ता अजून गरम होता. ती आज कडेच्या सावलीने गेली नाही.

घराचं दार लोटलेलं होतं. देव्हाऱ्याशी अप्पा मांडी घालून बसले होते, बाजूला तेलाची बाटली. दिवा स्थिर जळत होता. घटाभोवतीचं धान बोटभर उगवून आलं होतं.

"आलीस? छायाबाईंना म्हटलं, तुमी निजा खुशाल, मी हाय," अप्पा म्हणाले. "वात चांगली वळलीस. काजळी धरत नाय."

सुवर्णा उंबऱ्याशीच उभी राहिली. 

"अप्पा, जेवलात का?"

"केळं खाल्लं, उज्वला देऊन गेली. अगं, मी काय जेवायला आलतो व्हय तिथं? उपासाचा माणूस मी."

"मग?"

"इतकी वर्सं मागच्या दारानं फुलं टाकून जातो. म्हटलं, लेक कुठं उभी ऱ्हाती ते एकदा पुढनं बघावं." त्यांनी वातीकडे पाहिलं. "खुर्ची नाय दिसली मला कुठं. बसायला नाय देत व्हय गं?"

 तिने भिंतीला पाठ टेकली आणि घसरत खाली बसली. पाय पुढे पसरले. पायांवर दिव्याचा उजेड पडला. तळव्यांना रस्त्याची धूळ होती आणि घोट्यांभोवती मोज्याचा वळ, दोन्हीकडे, खोल.

अप्पांनी तो पाहिला.  दिव्याच्या बाटलीतलं थोडं तेल हातावर घेतलं आणि पुढे सरकले.

"अप्पा, नको. पायाला हात नका लावू. नवरात्र आहे."

"म्हणून तर," ते म्हणाले.

त्यांचा खरबरीत अंगठा त्या वळावरून हळूहळू फिरत राहिला. वळ लगेच जाणारा नव्हता. देव्हाऱ्यातली ज्योत मध्येच थरथरली. दोघांनी एकदमच तिच्याकडे पाहिलं. ती पुन्हा सरळ होईपर्यंत दोघंही हलली नाहीत.