डावा ट्रे, उजवा ट्रे

"बाबा, प्लीज, आत्ता काही विचारू नका. डोकं फिरलंय माझं," लॅपटॉपवरून नजर न हटवता निधी म्हणाली.

सहदेवने काहीच विचारलं नव्हतं, चहा तेवढा आणून ठेवला होता. पण हल्ली लेकीच्या आसपास नुसतं उभं राहिलं तरी तिला त्रास व्हायचा. नाहूरच्या एका डॉक्टरांकडे तो एकतीस वर्षं कंपाउंडर. शाळा सुटली की ही पोर तिथल्याच बाकावर बसून प्रश्न विचारून त्याला भंडावून सोडायची. कॉम्प्युटरच्या कॉलेजात गेली आणि प्रश्न बंद झाले. ते त्याला फार लागलं होतं.

"उद्या इंटरव्ह्यू, नि हे अजून होत नाहीये," ती पुटपुटली.

"काय अडलंय गो? सांग तरी."

"तुम्हाला नाही कळणार." पण मनात काय आलं कोण जाणे, तिने चार वह्या एकावर एक रचल्या. "हा स्टॅक. वर ठेवायचं, वरचंच उचलायचं. असे दोन वापरून रांग बनवायची, आधी आला तो आधी बाहेर. माझ्या प्रोग्राममध्ये मध्येच क्रम चुकतो."

सहदेव हसला. "अगं, हे तर मी रोज करतो!"

डॉक्टरांना ट्रेमधला वरचाच केसपेपर उचलायची सवय. त्यामुळे शेवटी आलेला पेशंट पहिला आत जायचा आणि बाहेर भांडणं जुंपायची. म्हणून सहदेव आलेले पेपर डाव्या ट्रेत टाकायचा आणि मग वरून एकेक काढून डॉक्टरांसमोरच्या उजव्या ट्रेत ठेवायचा. सर्वांत आधीचा आपोआप वर यायचा.

"पण उजवा पूर्ण रिकामा झाल्याशिवाय डाव्यातलं हलवायचं नाही," तो म्हणाला. "मी पहिल्या आठवड्यात तीच घाई केली. उजव्यात दोन म्हाताऱ्यांचे पेपर होते, त्यांच्यावर नवे टाकले नि शिव्या खाल्ल्या."

निधीने लॅपटॉप पुढे ओढला. मग तिने भराभर दोन ओळी बदलल्या. "चाललं! बाबा, झकास!" त्या संध्याकाळी तिने त्याला आणखी तीन गोष्टी समजावल्या. त्याला एकही कळली नाही, पण मन मात्र भरून आलं.

दुसऱ्या दिवशी इंटरव्ह्यू घरूनच होता. सहदेव रजा टाकून स्वयंपाकघरात उभा होता. बोलणं इंग्रजीत, पण डॉक्टर, पेपर, ट्रे हे शब्द आणि मोडकातोडका अर्थ त्याला समजत होता. पलीकडचे साहेब खूश झाले. उदाहरण छान आहे, कुणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं.

सहदेव दाराशी सरकला. 'माझ्या बाबांनी' एवढंच त्याला ऐकायचं होतं.

निधी क्षणभर अडखळली. मग म्हणाली की ऑनलाइन कुठेतरी वाचलं होतं.

संध्याकाळी फोन आला. नोकरी बंगळूरला, सोमवारी हजर व्हायचं होतं. निधी त्याच्या गळ्यात पडली आणि त्यानेही तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या उदाहरणाचा विषय दोघांनीही काढला नाही.

शनिवारी तिला गाडीत बसवून सोमवारी तो दवाखान्यात आला, तर बाकावर बसलेल्या नेहमीच्या पेशंट प्रेमाकाकूंनी गाठलंच. "काय रे सहदेव, पोरगी मोठ्या कंपनीत लागली म्हणे! कुणी शिकवलं तिला एवढं?"

"कुणी नाही हो काकू," सहदेव म्हणाला. "हुशारच आहे ती. सगळं आपलं आपणच शिकली."

आणि त्याने पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.