हातात नान होता म्हणून

मित्रांनो, मी बिश्केकमधल्या एका बर्गरच्या दुकानातला जुना फ्रायर आहे, आणि या क्षणी माझ्या पोटात दहा दिवसांचं तेल आहे. मला त्याची लाज वाटते.

मी नेहमीच असा नव्हतो. कारखान्यातून आलो तेव्हा माझ्या चकचकीत अंगात बघून लोक केस नीट करायचे. दर तिसऱ्या दिवशी तेल बदलायचं, असा नियम भिंतीवर लावलेला होता. साबिरा एजे माझ्यात बटाटे तळायची. एजे म्हणजे ताई. सगळं दुकान तिला तशीच हाक मारायचं. "याच्यासारखा गुणी कोणी नाही," म्हणत ती माझ्यावर फडकं फिरवायची, तेव्हा मला आभाळ ठेंगणं व्हायचं.

मग कुबात मॅनेजर झाला. नियम भिंतीवर राहिला आणि तेल माझ्यात राहू लागलं. ते काळं पडलं, फेसाळलं. कुबात स्वतः माझ्यातलं काही खात नसे. समोरून शेवयांचं लगमान मागवायचा. साबिराला हे दिसत होतं, पण तिची मुलगी मॉस्कोत कामाला आणि दोन नातवंडं हिच्या पदरात. नोकरी गेली तर त्यांना खायला काय घालणार? ती जाळीत बटाटे भरून माझ्यात सोडत राहायची.

काल दुपारी एक बाई आली. सोबत तिचा लहान मुलगा, नुकताच दवाखान्यातून सुटलेला.

"एजे, तेल ताजं आहे ना? याचं पोट अजून नाजूक आहे."

कुबातच पुढे झाला. "सकाळीच बदललंय. काय एजे?"

साबिरा बर्गरचा पाव कापत होती. तिने मान डोलावली. संपलं, असं मला वाटलं.

बाई हसली. "नान मारो म्हणा, म्हणजे मी निर्धास्त."

आमच्याकडे पोरंसोरंही ही शपथ घेतात. खोटं बोलशील तर अन्नच तुला मारील. आणि पाव असो की रोटी, आमच्याकडे सगळा नानच. तो तर साबिराच्या हातातच होता.

जाळीतले बटाटे करपू लागले, पण कोणी उचलेना.

"म्हणा की," कुबात दात दाखवत म्हणाला. "दातखीळ बसली का?"

साबिराने पाव दोन्ही हातांनी फळीवर सरळ ठेवला. "नाही म्हणवत. नऊ दिवस झालेत, बाई. रोज मीच तळतेय, तेव्हा पाप माझंही आहे. पोराला घरी ने, सूप पाज."

बाई मुलाला ओढतच बाहेर गेली.

"उद्यापासून येऊ नका!" कुबात ओरडला.

"नाही येत. पण याला असा सोडून जाणार नाही."

तिने माझं तेल डब्यात काढलं. सोडा घालून मला घासलं, कोपरे बोटांनी साफ केले. माझ्यात तिचा चेहरा दिसला. डोळे लाल होते. मग एप्रन घडी करून ठेवला आणि ती निघून गेली.

तिची पाठ वळताच कुबातने तोच डबा उचलला आणि तेच तेल माझ्यात ओतलं.

आज माझ्याजवळ नवी मुलगी उभी आहे. "सकाळीच बदललंय," हे तिला पाठ करवलंय. मला वाचा नाही, मित्रांनो. जी होती ती काल गेली. म्हणून तुम्हीच विचारा, आणि विचारण्याआधी त्या मुलीच्या हातात नान आहे ना, तेवढं बघा.