पाच मिनिटांची घंटा

मी एक जुनी पितळी हातघंटा आहे. पण मित्रांनो, एवढ्यावर दप्तर आवरायला घेऊ नका. मी शाळेची घंटा नव्हे. माझ्या आवाजाने कधी कोणाला सुट्टी मिळाली नाही. उलट मी वाजले की भली भली माणसे हातातला चहा तसाच ठेवून कामाला धावत. राज्याचे कायदे जिथे होतात त्या इमारतीत मी बेचाळीस वर्षे नोकरी केली, आणि त्यातल्या एका दुपारची आठवण अजून मला स्वस्थ बसू देत नाही.

माझा जन्म एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. ओतताना साच्यातला वाळूचा एक खडा माझ्या काठाला चिकटला. तो काढताना तिथे बारीकशी खाच पडली. ओताऱ्याने मला वाजवून पाहिले आणि नाक मुरडले. "आवाज खरखरतो. परत वितळवतो हिला," तो म्हणाला. त्याची बायको भट्टीजवळच बसली होती. ती म्हणाली, "राहू द्या. गोड आवाजानं कोण जागं होतं?" त्या बाईमुळे मी वाचले. तिचे उपकार मी जन्मभर खणखणीत वाजून फेडले, असे मला तरी वाटते.

माझे काम सोपे होते. सभागृहात मत देण्याची वेळ आली की मला वाजवायचे. त्यानंतर पाच मिनिटांनी दारे बंद होत. आत आला त्याचे मत धरले जाई. बाहेर राहिला तो कितीही मोठा असो, त्याला दाराच्या काचेतून बघत बसावे लागे. वाचनालय, उपाहारगृह, मधला लांब बोळ आणि शेवटी मागची गच्ची असा माझा फेरा असे. पुढे विजेच्या घंटा आल्या. एक बटण दाबले की सगळीकडे एकदम किणकिणाट. मागच्या गच्चीपर्यंत मात्र वायर पोचली नाही. तिची फाईल कुठल्याशा टेबलावर ठाण मांडून बसली होती. त्यामुळे आधी अख्ख्या इमारतीवर असलेले माझे राज्य एका गच्चीपुरते उरले. मला वाईट वाटले, पण नोकरी टिकली यातच समाधान मानले.

मला वाजवणाऱ्या माणसाला सगळे टणटणे म्हणत. त्याचे खरे आडनाव वेगळे होते, पण ते बहुधा पगारपत्रकालाच ठाऊक होते. माणूस काटेकोर. मला नेताना तो डाव्या मुठीत माझा लोलक घट्ट धरी, म्हणजे वाटेत उगाच आवाज होऊ नये. गच्चीच्या जिन्याशी पोचला की मूठ उघडी आणि मी सुरू. वीस वर्षांत त्याचा एक फेरा चुकला नाही. एकदा तर अध्यक्षांनी भर सभागृहात म्हटले होते, "भिंतीवरचं घड्याळ चुकेल, टणटणे चुकायचे नाहीत." त्या दिवशी त्याने मला जुन्या सदऱ्याच्या तुकड्याने इतके घासले की मी चक्क लाजले.

टणटणेची थोरली बहीण दोन गल्ल्या सोडून राहायची. कपड्यांच्या कारखान्यात तिची उभी हयात शिवणकामात गेली होती. मशीनवरून उठताना पडून गुडघा गेला आणि कारखाना सुटला. तेव्हापासून राज्याकडून मिळणाऱ्या मदतीवर तिचे घर चालत असे. दुपारी ती लंगडत मागच्या दाराने यायची आणि भावाला डबा द्यायची. पिशवीत डब्याशेजारी सुईदोरा आणि बोटभर लांबीची कात्री कायम असे. सवय जाते थोडीच!

एक दिवस ती आली ती वर्तमानपत्र हातात घेऊनच. मी टणटणेच्या खोलीतल्या खिडकीत बसले होते. डबा तिने तसाच बाजूला सारला.

"हे वाच. कलम चार."

"वाचलंय ताई. इथंच छापलंय ते," टणटणे म्हणाला.

"मग सांग, मी चोर आहे का?"

टणटणेने वर्तमानपत्राची घडी घातली.

"शेजारीण आजारी पडली म्हणून तिच्या कॉलरी शिवून दिल्या. आठच आठवडे. तिनं माझ्या हातावर थोडंफार ठेवलं. ती कमाई, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही रे. अर्जात विचारलं होतं, काही कमावलं का. मी आपलं 'नाही' लिहून मोकळी झाले."

"मग मदत कचेरीच्या खिडकीवर जाऊन सांग, चुकलं म्हणून."

"गेले होते की! तिथला माणूस म्हणतो, चूक सांगायचा छापील अर्जच नाही आमच्याकडे. नवीन अर्ज भराल तेव्हा बघू. आणि नवीन अर्जाची पहिलीच ओळ काय? मागचं सगळं खरं आहे, करा सही."

मित्रांनो, तो येऊ घातलेला कायदा तुम्हांला थोडक्यात सांगते. मदतीच्या अर्जात खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद आणि मदत कायमची बंद, असे कलम चार सांगत होते. जाणूनबुजून लिहिले की चुकून, हे पाहायचेच नव्हते. एका सभासद बाईने त्याला दुरुस्ती सुचवली होती. जो नव्वद दिवसांत स्वतःहून येऊन चूक सांगेल त्याला गुन्हेगार धरू नये, एवढेच तिचे म्हणणे. त्या दोन ओळींवर ताईचा सारा जीव टांगला होता. आणि त्याच कायद्यात पुढे कलम सात होते. सरकारी नोकराने नातेवाइकाच्या भल्यासाठी कामात हयगय केली तर त्याची नोकरी जाईल आणि वर शिक्षाही होईल.

ताईने तेही वाचले होते. "कलम चार माझं, कलम सात तुझं," ती म्हणाली. "चला, घरात वाटणी तरी सारखी झाली." ती हसली, पण टणटणेला काही हसू आले नाही.

मतदानाचा दिवस उजाडला. दुपारी सभागृहाचा दरवान पाणी प्यायला खोलीत आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "मी मोजून बसलोय टणटणे. दोन्हीकडे सारखीच डोकी. बरोबरी झाली तर अध्यक्ष दुरुस्तीच्या बाजूनं मत देणार, ते कालच बोललेत. फक्त मास्तर आत यायला नकोत. मास्तर आले की दुरुस्ती पडली."

मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त होऊन निवडून आलेले एक वयस्क सभासद. सरळ माणूस, पण हट्टी. "चूक ती चूक. मी वहीतसुद्धा खाडाखोड चालू दिली नाही," असे ते भाषणात सांगून चुकले होते. एका कानाने त्यांना कमी ऐकू येई. जेवण झाले की ते मागच्या गच्चीवर उन्हात वेताच्या खुर्चीत बसत आणि छातीवर कागद ठेवून डुलक्या घेत. त्या दिवशीही ते तिथेच होते. माझ्याशिवाय त्यांना उठवणारे कोणी नव्हते.

तेवढ्यात विजेच्या घंटा किणकिणल्या. टणटणेने मला उचलले आणि लोलक मुठीत धरला. बोळातून माणसे उलट दिशेने धावत होती आणि हा एकटा गच्चीकडे चालला होता. जिन्याशी आम्ही पोचलो तेव्हा एक मिनिट झाले होते. समोरच्या भिंतीवर घड्याळ होते, ते मला वरच्या दारातूनही दिसत असे.

आता मूठ उघडेल, मी मनात म्हटले. मूठ काही उघडली नाही.

तो एकेक पायरी चढून वर आला आणि गच्चीच्या दारात थांबला. पंधरा पावलांवर मास्तर. मान खांद्यावर कललेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. टणटणेची बोटे माझ्या लोलकाभोवती इतकी आवळली होती की त्याच्या नाडीचा ठोका मला आतून जाणवत होता. दीड मिनिट झाले. त्याला काहीही करायचे नव्हते. नुसते उभे राहायचे होते. कोणी बघत नव्हते. मास्तरांना ऐकू कमी येते हे साऱ्या इमारतीला माहीत होते. वाजवली होती, त्यांना जाग आली नाही, असे म्हटले असते तर त्याच्यावर कोणी संशयही घेतला नसता. कारण टणटणे चुकायचे नाहीत, असे खुद्द अध्यक्ष म्हणाले होते!

खरे सांगू का मित्रांनो? त्या क्षणी मलाही वाजावेसे वाटत नव्हते. मला ताई दिसत होती, तिचे लंगडणे दिसत होते. मी म्हणत होते, धरून ठेव, अजून थोडा वेळ धरून ठेव. धातूची असले म्हणून काय झाले, मलाही माया लागतेच की.

दोन मिनिटे झाली. टणटणेने डोळे मिटले. मग त्याने मूठ उघडली.

मी वाजले. माझ्या खरखरीत आवाजाने गच्ची दणाणून गेली. मास्तर दचकून उठले, कागद सगळीकडे उडाले.

"मतदान?"

"हो मास्तर. कलम चारवरची दुरुस्ती. तीन मिनिटं राहिलीत."

"अरे देवा! माझा गुडघा हा असा. हात द्या बरं जरा."

गुडघा म्हणताच टणटणेचा चेहरा कसनुसा झाला. त्याने कागद गोळा केले, एका काखेत मला धरले आणि दुसऱ्या हाताने मास्तरांना. जिना उतरताना एकेका पायरीला युग लोटल्यासारखे वाटत होते. इथेही नुसते सावकाश चालले असते तरी पुरले असते. पण टणटणे त्यांना जवळजवळ उचलूनच नेत होता.

"टणटणे, तुम्हांला काय वाटतं हो या दुरुस्तीबद्दल?" मास्तरांनी धापा टाकत विचारले.

मी श्वास रोखला. सांग, आता तरी सांग! पण मतदानाची घंटा झाल्यावर कर्मचाऱ्याने सभासदाला मताबद्दल चकार शब्द बोलायचा नाही, असा तिथला नियम होता.

"माझं काम वाजवायचं, मास्तर," तो म्हणाला.

दरवान दार लोटतच होता. आम्हांला पाहून त्याचा हात थबकला. त्याने टणटणेकडे असे पाहिले, जणू याला वेड लागले आहे. मास्तर फटीतून आत गेले आणि दार बंद झाले.

दुरुस्ती एका मताने पडली.

बाहेर आल्यावर मास्तर टणटणेच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बरं झालं तुम्ही आलात. डोळाच लागला होता." टणटणेने मान हलवली, खोलीत आला, मला खिडकीत ठेवले आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

संध्याकाळी त्याने ताईला सगळे सांगितले, मूठ न उघडल्याचेसुद्धा. ती एवढेच म्हणाली, "निदान त्यांना सांगायचं तरी होतंस माझं." दुसऱ्या दिवसापासून डबा यायचा बंद झाला.

कायदा लागू व्हायला तीन दिवस उरले तेव्हा ताई हाताने लिहिलेला कागद घेऊन त्या खिडकीवर पुन्हा गेली. टणटणे रजा घेऊन तिच्यामागे उभा राहिला. हे सगळे त्याने मला पुसताना नंतर सांगितले. खिडकीवरच्या माणसाने कागद उलटापालटा केला. "हे कुठं लावू मी?" असे त्याने तीनदा विचारले. ताई म्हणाली, "कुठंही लावा, पण आजची तारीख टाका. तोवर मी इथून हलत नाही." रांग कुरकुरत होती. शेवटी वैतागून त्याने शिक्का मारला. त्या तारखेमुळे कायद्याआधीच चूक सांगितल्याची नोंद झाली आणि ताईची कैद टळली. मदत मात्र सात महिने बंद झाली. त्या सात महिन्यांत टणटणेचा पगार दोन घरांना पुरवला गेला, आणि ताई त्याच्याशी हो आणि नाही याच्यापलीकडे बोलली नाही.

नव्वद दिवसांची ती सवलत तिसऱ्या वर्षी आली. तेव्हाही मी वाजले, तेवढीच, तशीच.

मग एकदाची वायर गच्चीपर्यंत पोचली. टणटणे निवृत्त झाला. मला दर्शनी दालनात एका फळीवर ठेवले. येणारीजाणारी मुले मला हलवून बघत, त्याचा साहेबांना त्रास होई, म्हणून कोणीतरी माझा लोलक जाड दोऱ्याने दांड्याशी बांधून टाकला. मित्रांनो, धूळ बसली तर घंटेचे काही बिघडत नाही. पण लोलक बांधला की ती नुसते भांडे होते. अशी मी सहा वर्षे काढली. माझ्याजवळ फोटो काढले गेले, पण मला कोणी विचारले नाही की बाई, तुला काय हवे आहे.

मागच्या महिन्यात दोन म्हातारी माणसे फळीपाशी आली. एकाची चाल मी ओळखली. दुसरीच्या हातात काठी होती.

"हीच का ती?" तिने विचारले.

"हीच."

"कुठं धरला होतास?"

टणटणेने बोटाने लोलक दाखवला. दोरा बरोबर तिथेच बांधलेला होता. ताईने वाकून दोऱ्याची गाठ पाहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी तू धरून ठेवला असतास, तर मी तुझे पाय धरले असते रे. आणि नंतर आयुष्यभर मला प्रश्न पडला असता, माझ्यासारख्या आणखी कुणासाठी कोण काय धरून बसलंय."

तिने पिशवीत हात घातला आणि ती बोटभर कात्री काढली. पलीकडून पहारेकरी ओरडला, "अहो आजी, हात लावायचा नाही तिथं!"

"लावत नाहीये," ताई म्हणाली. "सोडवतेय."

दोरा कट् करून तुटला. टणटणेने मला उचलले. मित्रांनो, तुम्ही कधी या दालनात आलात तर मला पुसले नाही तरी चालेल. फक्त पुन्हा कोणी बांधलेले दिसले, तर तेवढा दोरा सोडा. त्या दिवशी सहा वर्षांनी मी वाजले, तेव्हा वरच्या मजल्यावरची माणसे सवयीने खुर्चीतून उठली होती.