धाकट्याचा निळा पंप

“वहिनी, ती गाय आजच्या आज हलवा! दादाला तिच्या केसांची ॲलर्जी आहे,” धाकटा दीर अंगणातूनच ओरडला. थोरलीने शेणाची पाटी त्याच्या पायाशी आपटली.

“बारा वर्षं तीच गाय दारात आहे, भाऊजी. इतके दिवस ॲलर्जी काय माहेरी गेली होती?”

“ती कधीही उपटते. मला लहानपणापासून दमा आहे, मला शिकवू नका.”

त्या एका दम्यावर हा माणूस जन्मभर मोठेपणा मिरवत आला होता. गावात कुणी शिंकलं की हा हजर. कुणाला फुलं बंद, कुणाला कोंबड्या बंद, एकाला तर बायकोचं पावडर लावणं बंद. लोक पाठीमागे त्याला बिनडिग्री म्हणत आणि खोकला आला की त्याच्याच ओट्यावर जाऊन बसत. थोरलीला त्याच्याइतकीच या लोकांचीही किळस यायची.

तिचा नवरा सुभानअल्ला! भाऊ म्हणेल ती पूर्व दिशा. दोन महिन्यांपासून विहिरीवरून घरी येताना त्याला तीनदा टेकावं लागत होतं. आडवा झाला की गुदमरायचा, म्हणून तीन उशा पाठीशी लावून बसल्या बसल्या झोपायचा. धाकट्याने आपला दम्याचं औषध ओढायचा एक निळा पंप त्याच्या हातात दिला आणि हा तो निमूटपणे ओढत राहिला.

“अहो, दवाखान्यात जाऊ या,” ती रोज म्हणायची.

“दम्याला दवाखाना काय करणार? धाकट्याचं काही अडलंय का?”

गाय शेवटी गेली, ती धाकट्याच्याच गोठ्यात. त्याला म्हणे धुळीची ॲलर्जी होती, केसांची नव्हती. दुधाची तर मुळीच नव्हती.

मळणीच्या दिवशी यंत्र सुरू झालं आणि भुसा उडाला. दोघे भाऊ एकदमच धापा टाकत बांधावर बसले. थोरली पाण्याचा तांब्या घेऊन धावली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली.

धाकट्याच्या छातीतून शिट्टी वाजत होती. डोळे लाल, नाक गळतंय, शिंकांवर शिंका. त्याने पंप ओढला आणि पाव तासात तो मळणीवाल्याला अक्कल शिकवायला मोकळा झाला.

नवऱ्यानेही पंप ओढला होता. त्याला ना शिंक, ना शिट्टी. ओठ काळपट पडलेले, कपाळावर गार घाम, आणि पाव तासानेही धाप तशीच. पायातल्या चपलेचा पट्टा मांसात रुतला होता. याच पट्ट्याला महिन्याभरात तिने दाभणाने तिसरं भोक पाडून दिलं होतं. चप्पल आटली, असं तो म्हणाला होता आणि तिने ते मानलंही होतं. आता तिला स्वतःचीच लाज वाटली.

“उठा. दवाखान्यात चला.”

“अहो वहिनी, धुळीने होतं असं...” धाकटा पुढे आला.

“धुळीने पाय सुजतात का, भाऊजी? तुमचे सुजलेत? दाखवा बरं.”

धाकट्याने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. तिने मळणीवाल्याची गाडी थांबवली आणि नवऱ्याच्या काखेत हात घालून त्याला चढवलं.

दवाखान्यातली डॉक्टरीण वयाने लहान होती, पण तिने आधी सगळं ऐकून घेतलं. मग नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला.

“हा दमा नाही. हृदय थकलंय, म्हणून अंगात आणि फुप्फुसात पाणी साठतंय. आणखी आठ दिवस उशीर केला असता तर अवघड होतं. हा पंप कुणी दिला?”

“घरातच एक विद्वान आहेत.”

“दुसऱ्याचं औषध ओढायचं नसतं. यानं छातीची धडधड आणखी वाढते.”

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच क्षणी धाकट्याचा इतका संताप आला की ते तिथेच आटलं.

पाच दिवसांनी ती नवऱ्याला घेऊन परतली. धाकटा वाटेतच उभा होता. “मी म्हणतच होतो, छातीचंच काहीतरी आहे!”

ती सरळ त्याच्या गोठ्यात गेली आणि गाय सोडली. निळा पंप त्याच्या हातावर ठेवला. “हा तुम्हाला लागतो, भाऊजी. गाय मला लागते.”

औषधांनी सूज उतरली, चपलेचा पट्टा पहिल्या भोकावर आला. नवरा विहिरीवरून चढ चढताना आता एकदाच टेकतो. बिनडिग्रीही सुधारला, म्हणजे त्याच्या परीने. हल्ली तो ॲलर्जीचं नाव काढत नाही. भेटेल त्याची नडगी दाबतो आणि म्हणतो, हृदय आहे. लोकही मुकाट्याने पाय पुढे करतात.

परवा तो थोरलीच्या गोठ्यात आला. “वहिनी, तुम्हालाही धाप लागलेली दिसतेय. बघू पाय.”

ती नुकतीच शेण तुडवून बाहेर येत होती. तिने गुडघ्यापर्यंत बरबटलेला पाय त्याच्यापुढे केला.

“दाबा, भाऊजी. नीट जोर लावून दाबा.”