नावापुढची खूण

"या घरात पाच मतं," दारावर थाप मारण्याआधीच गिरणीवाल्याने हलक्या आवाजात सांगून टाकलं. "म्हातारा, म्हातारी आणि थोरला मुलगा आपले. धाकटा आणि त्याची बायको धरू नका."

"का हो? परवा तर धाकटा किती हसून बोलला माझ्याशी," पॅनेलचे अध्यक्ष म्हणाले.

"हसेल नाही तर काय करेल? पण महिनाभर झाला, या घरातून दळायला दोन डबे येतात. आधी एकच यायचा, मोठा. चूल वेगळी झालीय साहेब. आता बाप जिकडे जाईल तिकडे धाकटा जायचा नाही."

अध्यक्षांनी कौतुकाने मान हलवली. त्यांच्या पुतण्याने यादीतल्या दोन नावांपुढे हिरव्या शाईने प्रश्नचिन्हं काढली. मग दार उघडलं आणि सगळे एकदम हसरे झाले.

गावात गिरणी एकच, त्यामुळे गिरणीवाल्याला काय काय कळायचं विचारू नका. कुणाचा डबा जड झाला, म्हणजे पाहुणे आलेत. कुणाचा हलका झाला, म्हणजे सून माहेरी गेलीय, आणि दोन आठवडे हलकाच राहिला, म्हणजे भांडून गेलीय. कोण कुणाच्या डब्याशेजारी आपला डबा ठेवत नाही, हेही तो डोळ्यांत तेल घालून बघायचा. ग्रामपंचायतीच्या गेल्या चार निवडणुका अध्यक्षांच्या पॅनेलने त्याच्या जोरावर काढल्या होत्या, निदान त्याला तरी तसं वाटायचं. यादीत तीनच खुणा असत. बरोबरची खूण म्हणजे आपला, फुली म्हणजे त्यांचा आणि प्रश्नचिन्ह म्हणजे काठावरचा. काठावरच्यांवर मात्र गिरणीवाल्याचा भारी राग. "फुलीवाला परवडला," तो म्हणायचा, "निदान समोरून तरी नाही म्हणतो."

हे सगळं तो कशासाठी करत होता? तर एका खुर्चीसाठी. मतदानाच्या दिवशी शाळेच्या खोलीत, खिडकीजवळ, पॅनेलचा प्रतिनिधी म्हणून तो बसायचा. भुवयांवरचं पीठ धुतलेलं, अंगात इस्त्रीचा सदरा. बाहेरगावचा अधिकारी एकेक नाव वाचायचा आणि याच्याकडे बघायचा, हा मान हलवायचा, मगच माणूस पुढे सरकायचा. अख्खं गाव त्याच्या मान हलवण्यावर थांबलेलं! एरवी "अहो गिरणीवाले, झालं का आमचं?" एवढंच ऐकणाऱ्या माणसाला तो एक दिवस पाच वर्षं पुरायचा.

यंदा मात्र नर्सबाई उभ्या राहिल्या होत्या. तीस वर्षं दवाखान्यात काढून निवृत्त झालेल्या. जुन्या पॅनेलने धसका घेतला होता, आणि जो तो दुसऱ्याकडे तिरक्या नजरेने बघत होता.

त्या दिवशी फेरी संपवून सगळे प्रचाराच्या कार्यालयात आले. कार्यालय कसलं, अध्यक्षांचं खताचं जुनं गोदाम. पुतण्याचा फोन वाजला आणि तो बाहेर गेला. यादी टेबलावर उघडीच होती. सकाळच्या फेरीतल्या सुताराच्या घराचं नीट लिहिलंय ना एवढंच बघावं म्हणून गिरणीवाल्याने पानं उलटली, तर स्वतःची गल्ली लागली. आपलं घर. दोनच नावं. बायकोच्या नावापुढे बरोबरची खूण, त्याने स्वतःच्या पेन्सिलीने केलेली.

आणि त्याच्या नावापुढे हिरवं प्रश्नचिन्ह.

आधी त्याला वाटलं, शाईचा डाग असेल. त्याने बोट फिरवून पाहिलं. डाग नव्हता. त्याचे कान तापले, मग एकदम लाज वाटली, जणू आपणच काहीतरी चोरताना सापडलोय. पुतण्या आत येताच त्याने पान उलटलं. पुतण्याने यादी बंद केली आणि काखेत मारली. इतके दिवस तो यादी काखेत मारत नव्हता, की आपलंच लक्ष नव्हतं?

कुठेतरी पाणी मुरत होतं एवढं नक्की, पण कुठे, ते कळेना. दोघं बोलता बोलता थांबले की त्याला वाटे, विषय आपलाच होता. पुतण्याने चहा विचारला तरी संशय आणि नाही विचारला तरी संशय. सुतार त्याच्या पाठीवर थाप मारून गेला, तर हा विचार करत बसला, आजच का मारली? आयुष्यभर लोकांचे डबे बघून अंदाज बांधणाऱ्या माणसाला आपल्यावर कुणी अंदाज बांधलाय हे काही केल्या सोसेना.

दुपारी तो गिरणीत आला. निवडणुकीच्या दिवसांत गिरणी बायको बघायची. डोक्याला फडकं बांधून ती डबा रिकामा करत होती. त्याने येऊन सरळ बटण बंद केलं. पट्टा फडफडत थांबला.

"अहो! अर्धं दळण आत आहे!"

"मी काठावरचा आहे का गं?"

"कशाच्या काठावर?"

त्याने यादीचं सांगितलं. तिने ओंजळीतलं पीठ डब्यात झटकलं. "असं होय. म्हणजे लिहून घेतलं त्यांनी."

"काय लिहून घेतलं? कुणी?"

"गेल्या आठवड्यात पुतण्याची बायको आली होती. अध्यक्षांचा डबा आहे, आधी टाका म्हणाली. मी म्हटलं, नर्सबाईंचा लागलाय, त्यांच्यामागे आणखी दोन आहेत, मग तुमचा."

"अगं, अध्यक्षांचा डबा आपण कायम आधी घेतो!"

"तुम्ही घेता. मी गिरणीवर असले की नंबराने. तर तोंड वाकडं करून विचारते, तुमचे हे नक्की कुणाचे? मी म्हटलं, ठाऊक नाही."

"ठाऊक नाही? चार निवडणुका मी यांच्यासाठी चपला झिजवल्या आणि तुला ठाऊक नाही?"

"चपला दिसतात मला. मत कुणाला देता ते कधी सांगितलंत? घरात या विषयावर एक शब्द तरी काढलात? मला ठाऊक नव्हतं, तेच मी सांगितलं." ती थांबली. "आणि माझ्या नावापुढे काय आहे?"

"बरोबरची खूण."

"ती कुणी केली?"

"मी."

"मला विचारून?"

गिरणीवाल्याने गिरणीचं बटण दाबलं. त्या आवाजात उत्तर द्यायची सोय नव्हती, ते एक बरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने अध्यक्षांचं दार गाठलं. पोटात ठेवणं त्याला जमेना. अध्यक्ष मोठ्याने हसले. "छे हो! पोरांचा चावटपणा असेल. तुमच्यावर संशय घेऊ होय आम्ही? तुम्ही तर घरचे." मग पेपर घडी करत म्हणाले, "बरं झालं आलात. यंदा केंद्रात पुतण्याच्या मेहुण्याला बसवतोय. तुम्ही आता थोडा आराम करा. वय झालं आपलं."

अध्यक्ष त्याच्याहून सात वर्षांनी मोठे होते. ते परत उभे राहतात आणि याचं मान हलवायचं वय झालं! पण हे सुचलं घरी पोचल्यावर. तिथे तो नुसता "बरं" म्हणाला.

मतदानाच्या दिवशी तो इस्त्रीचा सदरा घालून रांगेत उभा राहिला, शेजारच्या बायकांच्या रांगेत बायको. खिडकीजवळच्या खुर्चीत मेहुणा बसला होता, सहा महिन्यांपूर्वी गावात राहायला आलेला. अधिकाऱ्याने गिरणीवाल्याचं पूर्ण नाव वाचलं. ते नाव कुणी मोठ्याने घेतलं की त्यालाच क्षणभर ओळखू यायचं नाही. मेहुण्याने यादीत बोट फिरवलं, ते हिरव्या खुणेपाशी थांबलं.

"कोण हे?" त्याने विचारलं. "ओळखपत्र नीट बघून घ्या, साहेब."

गिरणीवाल्याने ओळखपत्र पुढे केलं. समोर नर्सबाईंच्या बाजूने दूधवाला बसला होता. हा तोच दूधवाला, ज्याच्या नावावर गिरणीवाल्याने चारही वेळा फुली मारली होती.

"अहो, हे आमचे गिरणीवाले," दूधवाला म्हणाला. "अख्खं गाव यांच्या हातचं पीठ खातं. जाऊ द्या त्यांना पुढे."

बोटाला शाई लावून गिरणीवाला पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेला. तिथे त्याने काय केलं, ते कुणालाच सांगितलं नाही. त्याच्यामागून बायको आत गेली. तिला बराच वेळ लागला. दारात उभ्या असलेल्या गिरणीवाल्याला सवयीने अंदाज बांधावासा वाटला, पण त्याने बांधला नाही. वाटेतही तिला काही विचारलं नाही.

संध्याकाळी मतदान संपलं आणि गिरणी सुरू झाली. दिवसभराचे डबे साचले होते. आज बटणापाशी गिरणीवाला स्वतः होता आणि बायको डबे पुढे सरकवत होती. इतक्यात मेहुणा आला, स्टीलचा मोठा डबा घेऊन, आणि तो थेट पुढे, गिरणीच्या तोंडाशीच ठेवायला लागला.

"अध्यक्षांचा आहे," तो आवाज चढवून म्हणाला. "ओळखला ना?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. गिरणीवाल्याने भुवयांवरचं पीठ मनगटाने पुसलं आणि भिंतीपर्यंत गेलेली डब्यांची रांग मोजली.

"ओळखला की," तो म्हणाला. "तिकडे मागे ठेवा. सातवा नंबर."