खालच्या पानाचा निरोप

मित्रांनो, मी टोमॅटोचे एक जुने झाड आहे. आमच्यात एक हंगाम पाहिला की म्हातारपण येते. एका आजारी माणसाच्या खिडकीत, रंगाच्या रिकाम्या डब्यात मी वाढले.

तो माणूस जन्मभर झाडांचे रोग शिकवत आला होता. अंथरुणाला खिळल्यावर त्यानेच माझे बी रुजवले. "एक टोमॅटो लाल झालेला बघितला, की मी मोकळा," असे तो लेकीला म्हणे. तो दुखण्याविषयी बोलू लागला, की मात्र ती "होईल बरं, झोपा तुम्ही" म्हणत चादर ओढी.

मला फळे धरली आणि खालच्या पानावर काळा ठिपका पडला. बुरशी आत शिरली होती. आम्हाला ओरडता येत नाही. ते पान ठिपक्याभोवतीच्या आपल्याच पेशी मारते. त्यात सॅलिसिलिक आम्ल नावाचे संप्रेरक वाढते आणि एक इशारा देठातून वर निघतो. तो पोचला, की वरच्या पानांतही संप्रेरक वाढते, निजलेली संरक्षक जनुके जागी होतात आणि बुरशीची भिंत फोडणारी प्रथिने तयार होतात. पण याला वेळ लागतो.

लेकीने कात्री आणली.

"राहू दे गं. त्याचं सांगून होऊ दे."

"आजाऱ्याच्या खोलीत सडकं पान? काहीतरीच तुमचं, बाबा."

"मग आधी मलाच काप."

ती हसली नाही. त्याचा डोळा लागताच तिने पान कापले. इशारा केराच्या टोपलीत गेला. वाऱ्यावर बुरशी पुन्हा आली, तेव्हा माझी जनुके गाढ झोपेत होती. शेंडा काळवंडला. फळे हिरवीच गळली.

तो पाहत राहिला, रागावला नाही. लेक कॉटच्या कडेला बसली.

"बाबा, फार दुखतं का हो?"

त्याचे ओठ हलले. शब्द उमटला नाही.

आता रिकामी कॉट भिंतीला उभी टेकवून ठेवली आहे. माझे वाळके खोड तिने उपटलेले नाही. त्याने पुडीत ठेवलेले बी तिने माझ्या शेजारीच पेरले. परवा त्या रोपाच्या खालच्या पानावर ठिपका दिसला. तिने कात्री उचलली, परत खिडकीत ठेवली आणि खुर्ची ओढून रोपासमोर बसली.

मित्रांनो, कुणी दुखतंय म्हणाले, तर त्याचे सांगून होऊ द्या. चादर नंतरही ओढता येते.